पहिलीच्या वर्गातील नवी पाटी



जून महिना उजाडला की राज्यातील हजारो खेड्यांतून आणि पाड्यांतून सहा वर्षांची मुले प्रथमच शाळेची पायरी चढतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या दप्तरात अजूनही पाटी असते. चूक झाली तर ती हाताने पुसता येते, पुन्हा लिहिता येते आणि पुसलेल्या चुकीचा कोठे मागमूसही राहत नाही, हा पाटीचा फार मोठा गुण. वहीच्या अंगी तो नाही. गेल्या काही वर्षांत या पाटीच्या शेजारी टॅबलेट नावाची दुसरी पाटी येऊन बसली आहे. तिच्यावरही बोटाने लिहिता येते, पुसता येते. शिवाय ती बोलते, चित्रे दाखविते आणि उत्तर बरोबर की चूक हेही तत्काळ सांगते. अशी ही पाटी पहिली ते तिसरीच्या वर्गात कोणत्या कामाला लावावी आणि कोणत्या कामाला लावू नये, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय केवळ एका साधनाचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. प्रश्न वाचनाचा आहे. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालानुसार २०२४ साली तिसरीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २७.१ टक्के होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होते. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले. म्हणजे साथीने जे हिरावून घेतले ते बहुतांशी भरून निघाले, परंतु साथीपूर्वीची तूट जशीच्या तशी राहिली. त्याच अहवालात १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असेही आढळले. वाचन हाती येण्याची वाट न पाहता पडदा घरोघर पोहोचला आहे, ही वस्तुस्थिती आहे. तिसरी संपली की पाठ्यपुस्तके असे गृहीत धरतात की, मुलाला वाचता येते. ज्याला येत नाही ते मूल चौथीत गप्प बसू लागते, पाचवीत मागच्या बाकावर जाते आणि पुढे कोणत्या तरी वर्षी त्याचे नाव पटावर राहते, पण ते राहत नाही. ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, ते तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, याच हेतूने. टॅबलेटचे मोल ठरवायचे ते या एका कसोटीवर.

यंत्रे आली, यंत्रे गेली

वर्गात नवे यंत्र येण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग त्या काळी जगात कुतूहलाचा विषय झाला होता. सकाळचे कार्यक्रम खास शाळकरी मुलांसाठी असत. पुढे १९८४ साली केंद्र शासनाने सुमारे २५० शाळांमधून संगणक साक्षरतेचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आणले. दूरचित्रवाणीला मुलाचे ऐकू येत नव्हते आणि तो संगणक मुलाची भाषा बोलत नव्हता. दोन्ही प्रयोगांतून देशाला बरेच शिकता आले, हे नाकारता येणार नाही. परंतु पहिलीच्या मुलाच्या हातात त्यांतून काही पडले नाही.

महाराष्ट्रात ती वेळ २००७ साली आली. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात नावाचे छोटेसे गाव आहे. तेथे एका खोलीत पहिली ते चौथीची विसेक मुले एका शिक्षकाजवळ शिकत. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेतील हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक भारतात प्रथम पोहोचले ते या शाळेत. त्यानंतर ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी टॅबलेट वर्गात आणले आणि ती शाळा राज्यातील पहिली डिजिटल शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून शाळांना पडदे, प्रक्षेपक आणि टॅबलेट घेऊन दिले. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ खुले झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडण्याचे काम केले होते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतून हे संकेत सर्वत्र दिसू लागले आणि २०२० साली डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तात्पर्य, साधनांची वानवा पूर्वीइतकी राहिलेली नाही. आता त्यांच्याकडून काम करून घेण्याचा प्रश्न आहे.

परदेशातील तीन अनुभव

या बाबतीत तीन देशांचे अनुभव पाहण्यासारखे आहेत. तिन्ही देश आपल्याप्रमाणेच विकसनशील आहेत, म्हणून त्यांची उदाहरणे श्रीमंत राष्ट्रांच्या उदाहरणांहून अधिक उपयोगी.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने मुलांसाठी सुमारे साडेआठ लाख लॅपटॉप खरेदी केले. त्याचा परिणाम काय झाला, हे ग्रामीण भागातील ३१९ शाळांतून काटेकोरपणे तपासण्यात आले आणि २०१२ साली निष्कर्ष जाहीर झाले. मुलांच्या हाती यंत्रे भरपूर आली होती. ती वापरलीही जात होती. परंतु गणित आणि भाषा या विषयांत, यंत्रे न मिळालेल्या शाळांच्या तुलनेत, काही फरक पडलेला दिसला नाही. यंत्र दिले आणि शिकविण्याची रीत तीच राहिली, तर असे होणारच.

दुसरा अनुभव पूर्व आफ्रिकेतील टांझानियाचा. तेथील टांगा प्रांतातील सुमारे १७० खेड्यांत पावणेतीन हजारांच्या आसपास मुलांना स्वाहिली भाषेतील धडे घातलेले टॅबलेट देण्यात आले. गावात सौर ऊर्जेवर ते भारित करण्याची सोय होती. शिक्षक मात्र नव्हता. ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ या स्पर्धेचा हा भाग होता. बहुसंख्य मुलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते आणि आरंभी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिलीतील एक शब्दही वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आले. मे २०१९ मध्ये ‘वनबिलियन’ आणि ‘किटकिट स्कूल’ यांना पारितोषिक विभागून मिळाले. ज्यांना शाळाच लाभली नव्हती अशा मुलांच्या बाबतीत हे यश लहान नाही. मात्र याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, सव्वा वर्ष टॅबलेट हाती असूनही उरलेल्या निम्म्या मुलांना एक शब्द वाचता आला नाही. या मुलांजवळ कोणी तरी बसावयास हवे होते.

तिसरा अनुभव मलावीचा, आणि तो शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पहिलीच्या एकेका वर्गात शंभराहून अधिक मुले असणे तेथे नवलाचे नाही. २०१३ साली लिलाँग्वे येथील एका प्राथमिक शाळेत पहिली ते तिसरीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काही मुलांना त्यांच्या चिचेवा भाषेतील गणिताचे धडे असलेला टॅबलेट आठ आठवडे रोज थोडा वेळ देण्यात आला. काही मुले नेहमीप्रमाणे शिकत राहिली. तिसऱ्या एका गटालाही टॅबलेट देण्यात आला, पण त्यात गणित नव्हते. हा तिसरा गट ठेवण्यातच खरी दृष्टी होती. मुलांची प्रगती झाली तर ती नव्या वस्तूच्या अप्रूपामुळे की धड्यांमुळे, हे त्याविना कळले नसते. गणिताचे धडे असलेला गट इतर दोन्ही गटांच्या पुढे गेला. श्रेय पडद्याचे नव्हते. त्यातील क्रमवार, मातृभाषेतील धड्यांचे होते. त्यानंतर मलावी शासनाने पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी हा कार्यक्रम देशभर नेण्याचे ठरविले.

दोन गट, एक शिक्षक

महाराष्ट्रातील लहान गावांच्या शाळा पुष्कळदा द्विशिक्षकी असतात. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. एक शिक्षक रजेवर वा प्रशिक्षणास गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. अशा वर्गात दुसरीच्या मुलांना शिक्षक वाचून दाखवीत असताना पहिलीची मुले काय करतात, हे सर्वांस ठाऊक आहे. ती फळ्यावरचे उतरवून काढतात. ‘क’ दहा वेळा, ‘ख’ दहा वेळा. पहिल्या वेळी चुकलेले अक्षर दहाव्या वेळेपर्यंत चुकीचेच पक्के होते, कारण ते चुकले असे सांगणारे जवळ कोणी नसते.

टॅबलेटची खरी जागा येथे आहे. शिक्षक एका गटाबरोबर असताना दुसऱ्या गटाच्या हातात असे काही असावे की, जे उलट उत्तर देईल. वीस मिनिटे पुरेत. नंतर गट बदलावे. टॅबलेटवर सराव करून आलेली मुले शिक्षकाजवळ येतील, तेव्हा त्यांच्याशी बोलणे, गोष्ट सांगणे, पुस्तक उघडणे, चूक का झाली ते विचारणे, ही कामे शिक्षकाने करावयाची. ती कोणत्याही यंत्राला येत नाहीत. सर्व वर्गाला एकाच वेळी टॅबलेट देऊन स्वतः पत्रके भरीत बसण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पत्रके भरपूर असतात, हेही खरे. तथापि तसे केल्यास वर्गात शांतता येते, शिकणे येत नाही.

टॅबलेट कमी आहेत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. लहान मुलांच्या बाबतीत ही अडचण नसून सोय आहे, असे म्हटले तर आश्चर्य वाटू नये. दोन मुलांत एक टॅबलेट असला की ती एकमेकांशी बोलतात. ‘हे नाही, ते दाब’, ‘थांब, आधी मोज’, असे संवाद सुरू होतात. सहा वर्षांच्या मुलाला आपल्या सोबत्याची चूक आपल्या चुकीपेक्षा लवकर दिसते आणि ती समजावून सांगताना त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. एकेकट्याला दिलेला टॅबलेट हा संवाद तोडतो. दोघांहून अधिक झाली की मात्र एक हात दाबतो आणि बाकीचे नुसते पाहतात. त्यांत बहुधा मुली पाहणाऱ्यांत असतात. याकडे शिक्षकांनी जाणीवपूर्वक लक्ष द्यावे.

मुले चतुर असतात. चार चित्रांतून एक निवडावयाचे असेल तर ती विचार न करता एकामागून एक चारही दाबतात. कोठे तरी घंटा वाजतेच, तारे पडतात आणि पुढचा प्रश्न येतो. टॅबलेटच्या हिशेबी धडा पूर्ण झालेला असतो. म्हणून कोणताही नवा कार्यक्रम मुलांना देण्यापूर्वी शिक्षकाने तासभर तो स्वतः सोडवून पाहावा आणि मुद्दाम चुकीची उत्तरे द्यावीत. चूक झाल्यावर जो कार्यक्रम नुसता नकाराचा आवाज करून पुढे जातो, तो बाजूला ठेवावा. जो एक पायरी मागे येतो, सोपे उदाहरण देतो आणि मग पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या रूपात विचारतो, तो ठेवण्यासारखा. चांगल्या कार्यक्रमात कोणते मूल कोणत्या अक्षराशी अडले, याचीही नोंद राहते. एखादे मूल ‘घ’ आणि ‘ध’ यांत, दुसरे ‘भ’ आणि ‘म’ यांत सतत घोटाळत असेल, तर चाळीस मुलांच्या वर्गात हे महिनोन् महिने ध्यानात येत नाही. ती नोंद दर शनिवारी दहा मिनिटे पाहिली तरी पुढच्या आठवड्यात कोणाला जवळ बसवावयाचे, ते कळते.

मराठी मुलाला मराठीच हवी

बाजारात मिळणारे अनेक कार्यक्रम मूळ इंग्रजी वा हिंदीत तयार होतात आणि नंतर त्यांवर मराठीचा साज चढविला जातो. मोठ्यांना हे चालून जाते. अक्षराची पहिलीच ओळख होत असलेल्या मुलाला ते चालत नाही. मराठीतील देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानेही मराठीसाठी हीच वळणे सांगितली आहेत. मुलाने पुस्तकात एक ‘ल’ पाहावा आणि पडद्यावर दुसरा गिरवावा, यात त्याचा काय दोष? ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’चे उच्चार मराठीत वेगळे आहेत, ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांतील ‘झ’चेही. हिंदी वळणाच्या आवाजात ‘चमचा’ ऐकलेले मूल घरी जाऊन तो शब्द ओळखतही नाही. ‘ळ’ तर कित्येकदा गाळलेलाच असतो. आणि ‘ळ’ गाळला तर मराठी मुलाच्या जगातून बाळ, फळ, केळे आणि शाळाही जाते.

संख्यांची गोष्ट याहून नाजूक. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी ऐकू येतो, लिहिताना २ आधी येतो. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात २९. या अडचणीवर उपाय म्हणून २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन सुचविण्यात आले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथील विषय नाही. पण अडचण खरी आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हावे. इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या कार्यक्रमाला ही अडचण असते याचीच कल्पना नसते. तो सरळ ‘त्रेसष्ट’ म्हणतो आणि ३६ लिहिणाऱ्या मुलाला चूक ठरवून मोकळा होतो. चांगला कार्यक्रम अशा वेळी दशकांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवील.

आणखी एक गोष्ट. नंदुरबारच्या पावरी, मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीच्या गोंडी आणि पालघरच्या वारली बोलणाऱ्या मुलांसाठी पुस्तकी मराठी हीदेखील प्रथम परकीच असते. तेथे टॅबलेटचा एक उपयोग असा आहे की, ज्याला काही विकत घ्यावे लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही: आवाज मुद्रित करण्याची सोय. गावातील एखाद्या आजीने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट मुद्रित करावी, मुलांकडून तिची चित्रे काढून घ्यावीत, चित्रांची छायाचित्रे त्याच टॅबलेटवर घ्यावीत आणि खाली एकेक ओळ प्रथम बोलीत, मग मराठीत लिहावी. आठवडाभरात वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार होते. त्यातील प्रत्येक शब्द मुलांनी आधी कानांनी ऐकलेला असतो, त्यामुळे वाचताना अडखळणे कमी होते. टांझानियातील स्पर्धेत उतरलेल्या अंतिम पाच संघांचे कार्यक्रम सर्वांना मुक्तपणे वापरण्यास खुले करण्यात आले होते. ते मराठीत आणि आपल्या बोलींत नव्याने घडविणे हे राज्यातील भाषातज्ज्ञ, चित्रकार आणि संगणकतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन हाती घेण्याजोगे काम आहे. त्यात शिक्षकांना पहिले स्थान हवे.

आधी हात, मग बोट

सहा वर्षांखालील बालकांच्या बाबतीत मात्र थोडी कठोर भूमिका घेणे अगत्याचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शंख, शिंपले, बिया, पाने, खडे हे त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. पैसा नव्हता म्हणून त्यांनी ते वापरले, असे समजणे अपुरे ठरेल. वस्तू हातात घेतल्यावर तिचे वजन कळते, ती खरखरीत आहे की गुळगुळीत ते कळते, पाच बिया मुठीत मावतात आणि पन्नास मावत नाहीत, हे कळते. पडद्यावरच्या पाच आणि पन्नास बियांचे बोटाला सारखेच वजन असते. ज्या मुलाने खरे खडे मोजलेले नाहीत त्याच्यासाठी पडद्यावरचे खडे म्हणजे नुसते ठिपके होत.

लिहिण्याचेही तेच. २०१२ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचा मेंदू अक्षर पाहताना कसा काम करतो, याचा अभ्यास झाला. मुलांनी काही अक्षरे हाताने लिहिली होती, काही गिरविली होती आणि काही कळ दाबून उमटविली होती. वाचनाशी संबंधित असलेला मेंदूचा भाग जागा झाला तो हाताने लिहिलेल्या अक्षरांच्या बाबतीत. मुले थोडीच होती, त्यामुळे या अभ्यासावर सारा इमला उभारू नये; तरी जुन्या शिक्षकांना तो वाचून नवल वाटणार नाही. टॅबलेटवर ठिपक्यांवरून बोट फिरविणे म्हणजे लिहिणे नव्हे. धूळपाटी, खडू, पेन्सिल यांना पर्याय नाही.

वेळेची मर्यादा हाही वादाचा विषय राहिलेला नाही. दोन ते चार वर्षांच्या बालकांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसवू नये आणि त्याहूनही कमी वेळ बसविणे चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले. शाळा बंद असताना जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांतही पूर्वप्राथमिक बालकांसाठी अर्ध्या तासाची मर्यादा होती. स्वीडनसारख्या संपन्न देशाच्या शासनाने बालवाड्यांतून डिजिटल साधनांची सक्ती रद्द करण्याचा आणि छापील पुस्तकांवर पुन्हा भर देण्याचा विचार २०२३ साली जाहीर केला. घरी आईच्या वा दादाच्या मोबाइलवर मुलाचे दोन तास आधीच गेलेले असतील, तर शाळेची वीस मिनिटे त्यांत भर घालणारी ठरतात, हे पालकसभेत मोकळेपणाने बोलावे. २०२२ साली ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव मातांचे गट तयार झाले होते. अशा गटांतून हे सांगणे सोपे जाते. शिक्षकाने सांगितलेले पालक ऐकतात, शेजारणीने सांगितलेले मनावर घेतात.

कपाटाची किल्ली

शेवटी एका व्यावहारिक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. व्याख्यानांतून तिचा उल्लेख सहसा होत नाही. शाळेला मिळालेल्या टॅबलेटची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते. नोंद झाली की जबाबदारी आली. काच फुटली तर उत्तर कोण देणार, चोरी झाली तर भरपाई कोणी करावयाची, हा विचार मुख्याध्यापकांच्या मनात येणे साहजिक आहे. आणि मग टॅबलेट कपाटात जातात, कपाटाला कुलूप लागते व ते तपासणीच्या दिवशीच उघडते. मुलांच्या हातून फुटलेली पाटी कोणी नोंदवहीत धरीत नाही. वापरामुळे बिघडलेल्या टॅबलेटच्या निर्लेखनाची रीत तितकीच सुलभ असली पाहिजे. गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांनी कपाटात किती टॅबलेट सुस्थितीत आहेत हे विचारण्याऐवजी गेल्या महिन्यात किती वापरले गेले हे विचारण्यास आरंभ केला, तर एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. एकही ओरखडा नसलेला तीन वर्षांचा टॅबलेट ही अभिमानाची गोष्ट मानू नये.

निगा राखण्याच्या गोष्टी साध्या आहेत. धडे आधीच उतरवून घेऊन वर्गात इंटरनेट बंद ठेवावे. मुलांची छायाचित्रे, पूर्ण नावे कोणत्याही बाहेरच्या कार्यक्रमात भरू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत उन्हाळ्यात टॅबलेट ठेवल्यास बॅटरी फुगते, म्हणून ते त्यातल्या त्यात थंड जागी आणि निम्मे भारित करून ठेवावेत. एक टॅबलेट शिक्षकाने सुटीत घरी न्यावा आणि पुढच्या वर्षाचे धडे स्वतः सोडवून पाहावेत. जूनमध्ये मुले येण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक टॅबलेट एकदा चालू करून पाहावा. जे चालत नाहीत ते दुरुस्तीसाठी वेगळे काढावेत आणि उरलेले मोजावेत. पहिलीच्या वर्गातील जोड्या तेवढ्यांच्याच हिशेबाने पाडावयाच्या आहेत.